पाच फाइली, एक वही: जर्मनीची तयारी एकमेकांकडून शिकणाऱ्या लातूरच्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण ऑगस्ट २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळातलं आहे. पाच जण, एक खोली, दर रविवारी सकाळी दहा ते एक. पाचही जणांना २०२५ च्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीत पदव्युत्तर प्रवेश हवा होता. परदेशी शिकलेलं कोणाच्याही घरात नव्हतं. इथला गट अशा अनेक गटांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभा केला आहे, म्हणून नावं दिलेली नाहीत, गावावरूनच ओळख ठेवली आहे. नियम, रकमा आणि सूत्रं मात्र खरी आहेत आणि त्या त्या वेळची आहेत.

लातूरचा मेकॅनिकलचा, कॉलेज लातुरात, पण संलग्नता लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. उदगीरची कॉम्प्युटरची, पुण्यात नोकरी, त्यामुळे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी वेळा व्हिडिओ कॉलवर. औशाचा सिव्हिलचा, दोन वर्षं साइटवर काम केलेला. परभणीचा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पदवीधर. नांदेडची रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली.

पाच वेगळ्या शाखा ही या गटाची पहिली चांगली गोष्ट. एकाच शाखेचे पाच जण असते तर पाचांचे अर्ज त्याच दहा अभ्यासक्रमांना गेले असते आणि चौथ्या महिन्यापासून एकमेकांपासून लपवालपवी सुरू झाली असती. लातुरात शिकलेल्या मुलांना ही सवय लागलेली असते, त्यात त्यांचा दोष नाही. ‘लातूर पॅटर्न’ने मुलांना कष्ट शिकवले, पेपर पुन्हा पुन्हा सोडवायला शिकवलं, पण शेजारच्या बाकावरचा हा गुणवत्ता यादीतला प्रतिस्पर्धीच असतो हेही मनात रुजवलं. शाखा वेगळ्या पण देश एक आणि सत्र एक असं जमवलं, की कागदपत्रांची वाट सगळ्यांची सारखी राहते आणि जागेसाठी मात्र कोणी कोणाच्या आड येत नाही.

पहिले दोन महिने वाया का गेले

सुरुवातीला रविवारची बैठक म्हणजे माहितीची देवाणघेवाण होती. कोणी व्हॉट्सअॅपवरचा मेसेज वाचून दाखवी, कोणी ओळखीच्या सीनियरचा फोन सांगे. तीन तास बोलून सगळे समाधानाने घरी जात. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एकाच्याही फाइलीत नवा कागद आलेला नव्हता.

दुसरं नुकसान कमी दिसणारं, पण मोठं होतं. ऐकलेली माहिती तपासलेल्या माहितीसारखीच वापरली जात होती. ब्लॉक्ड अकाउंटचं उदाहरण घ्या. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आगाऊ ज्या खात्यात ठेवावा लागतो, ते हे खातं. सीनियरने ११,२०८ युरो सांगितले आणि त्याच्यासाठी तो आकडा अगदी बरोबर होता. पण १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. फरक ६९६ युरोंचा. युरो ९३ रुपयांना धरला तरी ६४ हजारांच्या वर. पाचही घरांतली पैशांची जुळवाजुळव जुन्या आकड्यावर चालली होती.

हा फरक उदगीरचीच्या लक्षात आला, कारण ऑफिसमध्ये तिला प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची सवय होती. तिने दोनशे पानी वही काढली आणि पाच रकाने आखले: गोष्ट काय, सांगितली कोणी, त्याचा अनुभव कोणत्या सत्राचा, अधिकृत पानावर काय लिहिलंय, ते कोणी कोणत्या तारखेला पाहिलं. चौथा आणि पाचवा रकाना रिकामा असेल तर ती गोष्ट ‘ऐकीव’. ऐकीव गोष्टीवर पैसे भरायचे नाहीत आणि तारीख ठरवायची नाही, एवढा एकच नियम. पहिल्याच रविवारी ३१ गोष्टी लिहून झाल्या, त्यांतल्या २२ ऐकीव निघाल्या.

वहीतल्या काही ओळी अशा. ‘जर्मनीत फी नसते’: अर्धवट खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फक्त सत्राचं वर्गणीवजा शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली आहे. परभणीच्याचं मन ज्या होहेनहाइम विद्यापीठावर बसलं होतं, ते याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. चार सत्रांचे ६,००० युरो त्याच्या हिशेबात नव्हतेच. ‘पीएम विद्यालक्ष्मीत तारण न देता परदेशासाठी कर्ज मिळतं’: चूक. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ती योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. विद्यालक्ष्मी नावाचं जुनं पोर्टल वेगळं, तिथून परदेशी शिक्षणाच्या कर्जाचाही अर्ज करता येतो. नावं सारखी असल्याने गल्लत होते. ‘एपीएस सगळ्यांना लागत नाही’: नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून पदवी घेऊन पदव्युत्तरला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. शुल्क १८,००० रुपये.

माहिती नको, काम आणा

ऑक्टोबरच्या मध्यात बैठकीची पद्धत बदलली. येताना प्रत्येकाने आठवडाभरात केलेलं एक काम आणायचं: लिहिलेला निबंध, भरलेला तक्ता, सहीशिक्क्याचा कागद किंवा विद्यापीठाला पाठवलेला ईमेल. काम नसेल तर त्या रविवारी यायचं नाही. औशाचा दोन रविवार आला नाही, तिसऱ्या रविवारी तीन निबंध घेऊन आला.

या बदलामागचं कारण साधं आहे. बरोबरीच्या माणसाकडे आपल्यापेक्षा जास्त ज्ञान नसतं. त्याच्याकडे दुसरे डोळे असतात आणि ताजी चूक असते. ते डोळे वापरायचे तर समोर पाहण्यासारखं काहीतरी ठेवावं लागतं. नियम मित्राला विचारायचे नाहीत, ते विद्यापीठाच्या पानावर वाचायचे. मित्राला विचारायचं ते ‘यात तुला काय दिसतं?’

अभ्यासक्रमाची जुळणी: एका रविवारचं काम

जर्मन विद्यापीठं पदवीचे एकूण गुण बघतात, पण त्याआधी तुम्ही कोणते विषय किती केलेत ते बघतात. प्रवेशाच्या अटींत ‘गणिताचे इतके, मेकॅनिक्सचे इतके ईसीटीएस’ असं लिहिलेलं असतं. ईसीटीएस हे युरोपातलं क्रेडिट. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि वर्षाचे ६०. चार वर्षांच्या आपल्या इंजिनिअरिंगला एकूण १६० क्रेडिट असतील तर २४० भागिले १६०, म्हणजे आपलं एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएस. शेवटचा निर्णय विद्यापीठाचा, पण अर्ज करावा की नाही हे ठरवायला एवढा अंदाज पुरतो.

लातूरच्याने ज्या अभ्यासक्रमावर लक्ष ठेवलं होतं, त्याला गणिताचे २० ईसीटीएस हवे होते. त्याने तीन गणितं मोजली, प्रत्येकी ४ क्रेडिट: १२ गुणिले दीड, १८. दोनने कमी. त्याने तो अभ्यासक्रम यादीतून खोडला.

त्या रविवारी तक्ते बदलून तपासायचे होते. लातूरच्याचा तक्ता नांदेडचीकडे आला. तिला मेकॅनिकलमधलं काही कळत नव्हतं, म्हणूनच ती विषयाचं नाव वाचून पुढे गेली नाही. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून प्रत्येक विषयातली प्रकरणं वाचत बसली. चौथ्या सत्रात ‘न्यूमेरिकल मेथड्स’ हा विषय मेकॅनिकलच्या कोडखाली होता. आत समीकरणांची मुळं, इंटरपोलेशन, संख्यात्मक इंटिग्रेशन. तिने पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “हे गणित न्हाई तर काय हाय?” ४ क्रेडिट म्हणजे आणखी ६. बेरीज २४. खोडलेला अभ्यासक्रम परत यादीत आला आणि शेवटी त्याला प्रवेश मिळाला तो तिथेच.

शाखेतल्या मित्राने हा तक्ता तपासला असता तर त्यानेही तो विषय ‘आपल्या’ विषयांतच धरला असता. जुळणीचा तक्ता शाखेबाहेरच्याकडूनच तपासून घ्यावा आणि त्याला विषयाच्या नावाबरोबर प्रकरणांची यादीही द्यावी, असं आम्ही आग्रहाने सांगू.

गुणांचं रूपांतरही त्याच दिवशी झालं. सुधारित बव्हेरियन सूत्र असं: १ अधिक, ३ गुणिले (कमाल गुण वजा मिळालेले गुण) भागिले (कमाल गुण वजा उत्तीर्णतेचे किमान गुण). जर्मन पद्धतीत आकडा लहान तेवढा चांगला. ७.८ सीजीपीएला उत्तीर्णतेचा गुणांक ४ धरला तर २.१ येतो, ५ धरला तर २.३२. एकाच मुलाचे दोन निकाल, फक्त उत्तीर्णतेचा आकडा चुकल्याने. हा आकडा मित्राच्या गुणपत्रिकेवरून उचलायचा नसतो. आपल्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणाऱ्या अधिकृत कागदावर, किंवा श्रेणी नियमावलीत तो असतो, तिथूनच घ्यायचा. परभणीच्याने लातूरच्याचा आकडा वापरला होता. वहीत ती ओळ लाल शाईत आहे.

कागद: आपलं नाव आपल्याला चुकलेलं दिसत नाही

एपीएससाठी दहावी-बारावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट आणि पासपोर्ट एका रांगेत ठेवले तेव्हा पाचांपैकी तिघांच्या नावात कुठे ना कुठे फरक निघाला. आपल्याकडे हे होणारच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यांत. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर असेल तर एका कागदावर स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जी-वाय’ने. औशाच्याचं नेमकं हेच होतं आणि त्याने ते वीस वेळा पाहूनही त्याला दिसलं नव्हतं. स्वतःचं नाव माणूस वाचत नाही, ओळखतो.

म्हणून फाइली फिरवल्या. तपासणाऱ्याने प्रत्येक कागदावरचं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पासपोर्टवर बोट ठेवून जुळवायचं. फाइलीला पंधरा मिनिटं लागली. वडिलांच्या नावातला फरक प्रतिज्ञापत्राने भागतो की गॅझेटपर्यंत जावं लागतं, हे स्वीकारणाऱ्या कार्यालयावर अवलंबून असतं. औशाच्याने ट्रान्सक्रिप्ट काढतानाच विद्यापीठाकडून स्पेलिंग दुरुस्त करून घेतलं. ट्रान्सक्रिप्ट हातात आल्यावर हे कळलं असतं तर दुसरी खेप पडली असती.

आणि ती खेप लहान नाही. लातूरच्या कॉलेजच्या मुलाचं विद्यापीठ रायगड जिल्ह्यात: रात्रीच्या गाडीने पुणे, पुढे ताम्हिणी घाटातून माणगाव, तिथून लोणेरे. औशाच्याचं विद्यापीठही हेच. दोघांनी एकच खेप केली, दोघांचे अर्ज, शुल्काच्या पावत्या आणि अधिकारपत्रं बरोबर नेली आणि ट्रान्सक्रिप्टच्या जास्तीच्या सीलबंद प्रतीही मागून घेतल्या.

शहरांच्या नावांचीही एक गोष्ट. जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. बाहेरच्या माणसाला एकाच शहराचं जुनं आणि नवं नाव ही दोन वेगळी गावं वाटू शकतात. अर्जाच्या पत्रात एक ओळ पुरते, पण ती लिहायची आठवण राहायला हवी.

आयईएलटीएस: मित्र काय तपासू शकतो आणि काय नाही

इंग्रजीच्या या परीक्षेत लेखनाची दोन कामं असतात: पहिलं २० मिनिटं, किमान १५० शब्द; दुसरं ४० मिनिटं, किमान २५० शब्द, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. गटाने आधी एकमेकांचं व्याकरण तपासायला घेतलं. ते फसलं. साडेपाच-सहा बँडचा, म्हणजे तेवढे गुण मिळवू शकणारा, मुलगा दुसऱ्या साडेपाच-सहा बँडच्या मुलाची चूक दुरुस्त करतो तेव्हा बरोबर वाक्यही बिघडवतो. नांदेडचीच्या एका निबंधात अशा चौदा ‘दुरुस्त्या’ झाल्या, त्यांतल्या सहा चुकीच्या होत्या.

जे जमलं ते असं. वाचणाऱ्याने प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो परिच्छेद काय म्हणतो ते मराठीत एका ओळीत लिहायचं. ओळ लिहिता आली नाही तर परिच्छेदात मुद्दा नाही. दोन ओळी लागल्या तर एकात दोन मुद्दे कोंबलेत. मग त्या मराठी ओळी सलग वाचायच्या आणि प्रश्नाशी ताडून बघायच्या: विचारलेल्याचं उत्तर आलं का? गुणांच्या चार निकषांपैकी दोन, प्रश्नाला दिलेलं उत्तर आणि मांडणीची सलगता, इथे तपासले जातात, आणि त्यासाठी इंग्रजी भारी असावं लागत नाही. व्याकरण आणि शब्दसंपत्ती या उरलेल्या दोन निकषांसाठी त्यांनी महिन्यातून एकदा इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षकांना सहा निबंध दाखवले. सरांनी चुका मोजल्या नाहीत, चुकांचे प्रकार सांगितले. औशाच्याचा एकच प्रकार होता, ‘द’ आणि ‘अ’ गाळणं. तीन आठवडे त्याने फक्त तेवढंच बघितलं.

बोलण्यात अडचण उलटी आहे. मराठी माणसाचं इंग्रजी मराठी माणसाला पूर्ण कळतं, त्यामुळे चूक ऐकूच येत नाही. आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन उच्चार एक होतात, ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बनियन, हे आपण संदर्भावरून समजून घेतो. उपाय स्वस्त होता: फोनचं इंग्रजी व्हॉइस टायपिंग लावून दोन मिनिटं बोलायचं. फोन जिथे भलताच शब्द लिहील तिथे उच्चार अडलाय. बोलण्याच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं मिळतात; मित्राने घड्याळ लावून बसायचं, मध्ये मान डोलवायची नाही, ‘हां हां’ म्हणायचं नाही. सगळ्यांत अवघड गेलं ते हेच.

निकाल आले तेव्हा नांदेडचीला ऐकण्यात ७, वाचनात ६.५, लेखनात ५.५, बोलण्यात ६. सरासरी ६.२५, आणि पाव गुण वर ढकलला जातो म्हणून एकूण ६.५. सगळ्यांनी पेढे खाल्ले. परभणीच्याने दुसऱ्या दिवशी वही काढून विचारलं, “ताई, तुमच्या विद्यापीठाला प्रत्येक भागात सहा लागतंय ना?” लागत होतं. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकाच भागाची परीक्षा ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येते. पण असा निकाल चालतो का, ते प्रत्येक विद्यापीठाला आधी विचारावं लागतं. तिने तीन ईमेल पाठवले, दोन ठिकाणी होकार आला, लेखन पुन्हा दिलं, ६.५ मिळाले.

उद्देशपत्र: इथे मित्राचं पाहू नये

नोव्हेंबरमध्ये लातूरच्याला सीनियरचं ‘सिलेक्ट झालेलं’ एसओपी, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा हे विद्यापीठाला सांगणारं उद्देशपत्र, मिळालं आणि त्याने ते चांगल्या मनाने सगळ्यांना पाठवलं. दोन आठवड्यांनी पाचांचे पहिले मसुदे समोर ठेवले तर तिघांची सुरुवात लहानपणी वस्तू उघडून बघण्याच्या आवडीने, चौघांचा शेवट जर्मनीच्या संशोधन परंपरेच्या कौतुकाने. रसायनशास्त्रवाली आणि मेकॅनिकलवाला एकाच घरात वाढल्यासारखे. विद्यापीठं मजकुरातलं साम्य तपासतात, हा धोका आहेच. पण त्याहून मोठं नुकसान असं की अर्जात माणूसच उरत नाही.

पाचही मसुदे फाडले. पुढची पद्धत अशी: तिघे बसायचे. एकाने विचारायचं, ज्याचं पत्र आहे त्याने मराठीत उत्तर द्यायचं, तिसऱ्याने शब्द न बदलता लिहून घ्यायचं. प्रश्न बारा, आणि सगळे कामाचे: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुझ्या हाताने काय केलंस? कुठे अडलास? त्या अभ्यासक्रमातले कोणते तीन विषय तुला इथे शिकता येणार नाहीत? पहिला मसुदा पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही.

औशाच्याला विचारलं, पाणी हाच विषय का? तो म्हणाला, आवड आहे. विचारणाऱ्याने तेवढ्यावर सोडलं नाही, कधीपासून ते विचारलं. मग तो २०१६ वर आला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तो लातुरात मावशीकडे शिकायला होता. टँकरचा पाइप कुणी आधी धरायचा यावरून होणारी भांडणं, बॅरलवर रंगाने लिहिलेली नावं, बॅरलला लावलेली कुलपं. पुढे साइटवर असताना एका गावच्या जलवाहिनीच्या कामात त्याने गळतीच्या जागा हाताने मोजून तक्ता केला होता, आणि तो तक्ता त्याच्या पहिल्या मसुद्यात नव्हताच. नव्या पत्रात टँकर दोन ओळींत आला, तक्ता अर्ध्या पानावर. हे प्रमाण गटाने ठरवलं आणि ते बरोबर होतं: दुष्काळ हजारोंनी पाहिला, तक्ता त्याने केला.

एक अर्ज गेला

मे महिन्यात नांदेडचीचा एक अर्ज हुकला. तिच्या आवडीच्या विद्यापीठाला युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून व्हीपीडी, म्हणजे परदेशी पदवीची पूर्वतपासणी केलेला कागद, लागत होता आणि शेवटची तारीख ३१ मे होती. वहीत नोंद होती: ‘व्हीपीडी एकदा काढला की पुरतो.’ सांगणारा सीनियर प्रामाणिक होता. त्याच्या यादीत व्हीपीडी मागणारं एकच विद्यापीठ होतं, त्याला एकच पुरला. व्हीपीडी त्या त्या विद्यापीठासाठी निघतो, हे त्याला कळायचं कारणच पडलं नाही. नांदेडचीने दुसऱ्या विद्यापीठासाठी काढलेल्या कागदावर भरवसा ठेवला. चूक १२ मेला लक्षात आली. अर्ज पूर्ण पोहोचल्यावर तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात. तारीख निघून गेली.

चौथा आणि पाचवा रकाना त्या ओळीत रिकामा होता. नियम होता, वही होती, तरी घडलं, कारण फेब्रुवारीनंतर सगळे घाईत होते आणि जुन्या ओळी कोणी परत वाचल्या नाहीत. नंतर गटाने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फक्त ऐकीव ओळी वाचायचं ठरवलं. हे ऑक्टोबरपासून केलं असतं तर तिचा अर्ज वाचला असता. शुल्कही जातं: युनि-असिस्टचा सत्रातला पहिला अर्ज ७५ युरो, पुढचा प्रत्येक ३० युरो. चार अर्जांचे १६५ युरो आधीच भरून झाले होते.

जुलैत दुसरी ऐकीव ओळ वेळेवर पकडली गेली: ‘व्हिसा नाकारला तर फेरविचार मागता येतो.’ पूर्वी येत असे. जर्मनीने ही सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा तिकडे कोर्टात जायचं. पहिलीच फाइल पक्की हवी, म्हणून व्हिसाची कागदं त्यांनी टेबलावर मांडून, एकाला अधिकारी करून, दोनदा सादर करून बघितली. लातूरच्याच्या फाइलीत ब्लॉक्ड अकाउंटची पुष्टी होती, विम्याचा कागद नव्हता.

पालकांची बैठक

पैशांचं बोलणं मुलांनी एकमेकांत टाळलं होतं. कोणाचे वडील शिक्षक, कोणाची चार एकर सोयाबीन. मार्चमध्ये उदगीरचीच्या आईने सुचवलं म्हणून पाचही घरची माणसं त्या खोलीत बसली, आणि त्या दोन तासांत मुलांनी सहा महिन्यांत मिळवली नव्हती एवढी माहिती पुढे आली. बँकेत कोणाला काय सांगितलं, कोणता कागद परत पाठवला, एकाच बँकेच्या दोन शाखांनी वेगवेगळं का सांगितलं.

नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. ब्लॉक्ड अकाउंटच ९३ च्या भावाने अकरा लाखांच्या वर जातं. म्हणजे तारण आलंच. आणि शेतजमीन या कर्जाला बहुतेक ठिकाणी तारण म्हणून चालत नाही. घर किंवा एनए झालेला प्लॉट लागतो. मराठवाड्यात आणखी एक गुंता असतो: सातबारावर भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे इनामाची किंवा सरकारने दिलेली जमीन, तर गहाण ठेवायलाच परवानगी लागते. परभणीच्याच्या वडिलांना हे त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं.

औशाच्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घर हाय, पण अजून अप्पाच्या नावावरच हाय. भावाभावांनी फेरफारच केला न्हाई.” अप्पा म्हणजे आजोबा, वारून नऊ वर्षं झालेली. वारसांची नोंद नाही म्हणजे बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल तिथेच अडणार. लातूरच्याचे वडील त्यांना म्हणाले, “दादा, मुलाच्या परीक्षेची वाट बघू नका. मृत्यू दाखला आणि वारसांची नावं घेऊन उद्याच सुरुवात करा.”

ऑक्टोबर २०२५

उदगीरची आणि लातूरचा गेले. नांदेडचीला दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळाली, तीही गेली. परभणीच्याने होहेनहाइमचा हिशेब तीनदा केला आणि इथेच आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, परीक्षेतून एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचं ठरवलं. एवढ्या महिन्यांच्या तयारीनंतरचा हा निर्णय आहे, माघार नाही, आणि गटातही कोणी ती तशी मानली नाही. ‘मित्र चालले म्हणून’ हे कारण त्याच्या वहीतल्या पानावर त्यानेच लिहून खोडलं होतं.

औशाच्याला प्रवेशपत्र मिळालं होतं, पण चुलत्यांपैकी एकाची सही ऑगस्ट संपेपर्यंत आली नाही आणि कर्ज वेळेत झालं नाही. प्रवेश आपोआप पुढच्या वर्षी सरकत नाही, त्याला अर्ज पुन्हा करावा लागेल. एपीएस प्रमाणपत्राला मुदत नसते, ते चालेल. आयईएलटीएस त्याने जानेवारी २०२५ मध्ये दिली, दोन वर्षं धरली तर जानेवारी २०२७ पर्यंत. ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा त्या वेळी नव्याने बघायचा. फेरफाराची नोटीस निघाली आहे, हरकतीची मुदत संपायची आहे. वही सध्या त्याच्याकडे आहे, आणि रविवारी त्याच खोलीत चार नवी मुलं येतात, एक अहमदपूरची, एक निलंग्याचा, दोघं लातूरचे. पहिल्या दिवशी त्याने त्यांना मे महिन्याचं पान वाचायला दिलं.